सासूबाईची स्प्रिंग

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते बंदुका बांधायचं. त्यात विशेष काही नव्हतं. दरसाल वैशाख सरत आला, जत्रा आटपल्या, की आमच्या पाच छऱ्याच्या बंदुका पुसायच्या, तेल द्यायचं, इंदूच्या जुन्या लुगड्यांच्या फडक्यात गुंडाळायच्या आणि पत्र्याच्या पेटीत घालायच्या. पेटी माळ्यावर. मग चार महिने तिच्याकडं बघायचं नाही.

बंदुका म्हणजे फुगे फोडायच्या. जत्रेत बघितल्या असतील तुम्ही. मागं फळीवर फुगे, पुढं टेबल, टेबलावर बंदुका आणि टेबलाच्या बाजूला उभे नवरा-बायको. ते आम्ही. तळोज्याची कंपनी बंद पडली तेव्हा एका म्हाताऱ्याकडून हा धंदा घेतला. तेव्हापासून नावड्याची ही तळमजल्याची खोली, पावसाळ्यात पेटी माळ्यावर आणि बाकी आठ महिने आम्ही टेंपोत.

बांधायच्या आधी प्रत्येक बंदूक एकदा चढवून बघायची असते. बंदूक मधोमध दुमडते, आम्ही त्याला नळी मोडणं म्हणतो. नळी खाली दाबत नेली की आतली स्प्रिंग दबते, खट् वाजतं, बंदूक चढली. स्प्रिंग बरी आहे कळलं की परत उतरवायची. रिकामी उडवायची नाही, उडवली तर आतलं चामड्याचं वायसर फाटतं. नळी पुन्हा पूर्ण मोडून घट्ट धरायची, दुसऱ्यानं चाप ओढायचा, आणि धरणाऱ्यानं स्प्रिंगचा सगळा जोर अंगावर घेऊन नळी सावकाश वर येऊ द्यायची. असं दोघांचं काम. धरायची इंदू, चाप ओढायचो मी. माझा उजवा खांदा कंपनीतच गेलेला, त्यामुळं उलटं कधी झालं नाही. आणि चढलेली बंदूक पेटीत जाऊ द्यायची नाही, हा आमच्यातला पहिला नियम. महिनोन्‌महिने दाबून ठेवलेली स्प्रिंग बसते. तिचा जीव जातो. मग छर्रा फुग्यापर्यंत पोचतो आणि फुग्याला टेकून खाली पडतो. गिऱ्हाईक हसतं.

त्या दिवशी चार उतरवल्या. राहिली सासूबाई.

नावं इंदूनं ठेवलेली. धंद्याबरोबर आली ती म्हातारी. डावीकडं मारते ती डावरी. एकदम घेतलेल्या दोन जुळ्या. आणि सासूबाई, कारण तिची स्प्रिंग सगळ्यांत कडक, उडवली की खांद्याला धक्का देते. "माझी सासू मी बघितलीच नाही," इंदू गिऱ्हाइकाला सांगायची, "लग्नाआधीच गेल्या त्या. म्हणून ही सांभाळते." सासूबाई चढवणं माझ्या हातचं काम नव्हतं. इंदू खाली बसायची, दस्ता भिंतीला टेकवायची, नळी गुडघ्याखाली घ्यायची आणि सगळं वजन टाकायची. खट्.

त्या दिवशीही तशीच चढवली. चढवून तशीच बसून राहिली.

"दम लागला हो," म्हणाली. "सासूबाई जड झाली यंदा."

"सासूबाई आहे तेवढीच आहे. तू म्हातारी झालीस."

"झाले तर झाले. तुम्ही काय कोवळे राहिलाय? चहा ठेवा जरा. आलं घाला."

मला चहा ठेवायला तिनं सांगावं, हे आमची मंदा झाली त्या बाळंतपणानंतर पहिल्यांदाच. "आज काय सण आहे का?" म्हणत मी उठलो. चहा घेऊन आलो तोवर सासूबाई फडक्यात गुंडाळून पेटीत गेलेली. मला वाटलं, एकटीनं उतरवली असेल. कधी कधी उतरवायची ती, गुडघ्याखाली धरून, एका हातानं चाप ओढून. मी पेटीला कडी घातली.

"आलं घातलंय का आल्याचं शेत?" ती म्हणाली. पण प्याली सगळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरायला उठली ती मोरीच्या उंबऱ्यावर बसली. बसली ती बसलीच. दवाखान्यातला डॉक्टर पोरसवदा होता, मान खाली घालून बोलत होता. "आजी कालपासूनच त्रासात असणार. काही बोलल्या नाहीत?" मी म्हटलं, नाही. आल्याचं बोलली.

*

आता गणपती गेलेत. पितृपक्ष लागलाय. हा पंधरवडा आमचा बंदुका उघडायचा. लोक या दिवसांत नवीन काम काढत नाहीत. इंदू म्हणायची, "आपलं नवीन कुठंय? जुनंच आहे, फक्त झोपलंय." पाऊस असून नसल्यासारखा, मधेच कडक ऊन, भिंतींना ओल, आणि संध्याकाळी वारा फिरला की कंपन्यांकडून तो आंबूस वास. त्या वासात बंदुकीच्या तेलाचा वास मिसळला की मला वाटायचं, चला, वर्ष सुरू झालं. लोकांचं वर्ष पाडव्याला सुरू होतं. आमचं पितृपक्षात.

यंदा पेटी उतरवायची नव्हती. मी ठरवलं होतं तसं. उतरवून करायचं काय? फुगे फुगवणार कोण, टेबलापुढं "या दादा, या ताई" करणार कोण? माझ्या तोंडाकडं बघून गिऱ्हाईक यायचंच नाही, आलेलं जाईल. टेबलापुढचा धंदा सगळा तिचा. कुणाला कुठली बंदूक द्यायची हे ती चेहरा बघून ठरवायची. फुशारकी मारत आला, दोस्तांना बाजूला सारतोय, त्याला डावरी. दहा मारल्या तरी फुगे जागच्या जागी. नवं लग्न झालेलं जोडपं आलं की नवऱ्याच्या हातात जुळ्यांतली सरळ बंदूक. मी एकदा विचारलं, हा का सोडलास? म्हणाली, "पोरगी बघतेय त्याची. आजच्या दिवशी पडायला नको तो."

हे सगळं मला कुठं जमणार? मी आपला मागं बसून बंदुका दुरुस्त करणारा माणूस.

पण परवा दिनेश आला. कॉलनीच्या टोकाच्या मैदानात नवरात्राचा मंडप पडतो, त्या मंडळाचं सगळं तो बघतो. इथलाच, गावातला. त्याच्या बापजाद्यांची शेतं होती जिथं आता आमच्या इमारती आहेत. दारातच उभा राहिला.

"काका, जागेचं काय करू? तुमची कोपऱ्याची जागा मागतंय एक जन. मोमोवाला हाय."

"मोमो म्हणजे?"

"मोदक समजा. तिखट." हसला. मग भिंतीवरच्या इंदूच्या फोटोकडं लक्ष गेलं. "काकी असती तर मी इचारलाच नसता. तुमी सांगा. परवा सकाळी दहाला फळ्या मारायच्या हायत. तवर ठेवतो."

गेला. मी खूप वेळ दारात उभा राहिलो. त्या कोपऱ्यावर मोमो येणार. येऊ देत, म्हटलं. मग काल दुपारी जेवून उठलो आणि स्टुलावर चढून पेटी खाली घेतली. का घेतली ते विचारू नका. सत्तरी उलटलेल्या माणसानं एकट्यानं स्टुलावर चढू नये एवढंच सांगतो.

*

चार महिने बंद असलेली बंदूक बघायची एक रीत आहे. आधी नुसती बघायची. गंज कुठं धरलाय, दस्त्याला बुरशी आली का. मग हुंगायची. इंदू हुंगायची, मी हसायचो, पण ओल आत गेली असेल तर खरंच वेगळा वास येतो. मग नळीतून मासे धरायच्या दोरीला चिंधी बांधून ओढायची. पहिली चिंधी तांबडी निघते, दुसरी काळी, चौथी-पाचवी स्वच्छ. मग चामड्याच्या वायसरला तेल. पावसाळाभर पडून चामडं कडक झालेलं असतं, त्याला मऊ करायचं. एरंडेलाचे दोन थेंब सोडायचे आणि रात्रभर बंदूक उभी करून ठेवायची. दोन म्हणजे दोन. "वायसर भिजवायचंय, लोणचं नाही घालायचं," हे तिचं.

कारण एका साली मी लोणचं घातलं होतं. जासईच्या बाजूला एक जत्रा होती. पहिलंच गिऱ्हाईक, अंगानं थोराड, ट्रेलर चालवणारा सरदारजी. त्यानं चाप ओढला आणि धाड! आतलं तेल पेटून हा एवढा धूर. सरदारजीनं बंदूक टाकली आणि टेबलाखाली शिरला. शेजारचा कुल्फीवाला गाडी सोडून पळाला. मी घाबरून उभा, आणि इंदू पोट धरून हसतेय. तिनं सरदारजीला हात धरून बाहेर काढलं, कपडे झटकले, पाणी दिलं. "भाऊ, तुमच्यासाठी दिवाळी लवकर आणली," म्हणाली. तो पठ्ठ्याही हसला आणि सगळे फुगे फोडूनच गेला.

शेवटी पावडर. बंदूक मोडते तिथं जोडाला एक वायसर असतं. ते गेलं की हवा जोडातूनच सुटते आणि छऱ्यामागचा जोर कमी होतो. डोळ्यांना ते दिसत नाही. इंदू तिच्या तोंडाला लावायच्या पावडरचा डबा आणायची, हाताच्या पाठीवर पावडर टाकायची आणि तो हात जोडाजवळ धरायची. मी चिंध्यांच्या गोणीत एक छर्रा मारायचो. पावडर उडाली तर वायसर गेलं. हलली नाही तर बंदूक पास. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या फुगेवाल्यांकडं मी हे कधी बघितलं नाही. या पंधरवड्यात तिचा डावा हात मनगटापर्यंत पांढरा असायचा, आणि संध्याकाळी भाकरी थापायला बसली की मी म्हणायचो, "धू आधी. भाकरीला गुलाबाचा वास येतो." धुवायची नाही. मुद्दाम.

म्हातारी काढली. बरी होती. डावरीच्या नळीला थोडा गंज, निघाला. जुळ्या जशा ठेवल्या तशा. फडकी सोडताना मी लुगडं ओळखायचं नाही असं ठरवलं होतं. पण हिरवं फडकं मंदाच्या लग्नातलं होतं. ओळखू आलं. असू दे.

मग सासूबाई.

ही चढणार नाही माझ्यानं हे माहीत होतं, पण थोडी तरी मोडून बघू म्हणून खांद्याला जपत नळीवर हात ठेवला, आणि नळी अशी खाली आली की जशी काही दाराची कडी. काही जोरच नाही. पहिल्यांदा वाटलं, स्प्रिंग तुटली. तुटते कधी कधी. हलवून बघितली, आतून आवाज नाही. मग चापाला बोट लावलं. चाप ताठ होता.

बंदूक चढलेली होती.

मी ती मांडीवर आडवी ठेवली. तोंड भिंतीकडं केलं, आत छर्रा नाही हे बघितलं. हे सगळं सवयीनं. मग तसाच बसलो.

तिनं उतरवली नव्हती. दहा मिनिटं मी चहा करत होतो. आलं कुठं ठेवलंय ते सापडत नव्हतं, म्हणून दहा, नाहीतर पाच. तेवढ्यात ही इथं बसली होती, चढलेली सासूबाई घेऊन. गुडघ्याखाली नळी धरून उतरवायला अंगात जोर राहिला नव्हता तिच्या. आणि मी स्वयंपाकघरात चार पावलांवर होतो. एक हाक मारायची होती. "अहो, या जरा, उतरवायचीय." मारली नाही. नियम तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तरी गुंडाळली आणि ठेवून दिली. का? मी म्हातारी म्हटलं म्हणून? की मला कळू नये म्हणून? की उद्या बघू म्हणून? मी काल दुपारपासून हेच उलटंपालटं करतोय. माणूस गेल्यावर त्याला विचारता येत नाही, ही साधी गोष्ट आहे, पण मला ती चार महिन्यांत कळली नव्हती. काल कळली.

आणि दुसरं एक. ते कसं सांगायचं मला नीट येत नाही. आतली स्प्रिंग अजून दबलेली आहे, आणि ती तिनं दाबलीय. तिच्या अंगातला शेवटचा जोर तिनं त्या नळीवर टाकला, तो तसाच अडकून राहिलाय. घरात तिच्या साड्या आहेत, चपला आहेत, पावडरचा डबा आहे. पण त्या वस्तू. हा जोर आहे. एक चाप ओढला की संपला. आणि नाही ओढला तर रोज थोडा थोडा संपतोय, स्प्रिंग बसतेय. माझ्यासारख्या माणसाला दोन्ही कळतं. हेच वाईट.

संध्याकाळी मंदाला फोन लावला. आमची एकुलती एक. उलव्याला असते, विमानतळाच्या बाजूला, बाराव्या मजल्यावर. मला तिला सांगायचं होतं की ये, मी नळी धरतो, तू चाप ओढ. पण तिनं फोन उचलला आणि मी विचारलं, "तुझी आई हिंग कुठं ठेवायची?"

"मसाल्याच्या डब्याच्या मागं, छोट्या बाटलीत. काय करताय बाबा?"

"बंदुका काढल्यात."

"कशाला? भंगारात घाला ना त्या. किती दिवस सांगतेय, इकडं या. तुमची खोली तयार आहे. एकटे कशाला तिथं..." वरून विमान गेलं, पुढचं ऐकू आलं नाही. त्यांच्याकडं आता सारखी विमानं जातात. विमान गेल्यावर ती म्हणाली, "ऐकलं का?"

"ऐकलं," म्हटलं.

हिंग सापडला. आमटी केली. सासूबाई भिंतीला टेकून उभी होती. जेवताना तिच्याकडं पाठ करून बसलो.

*

आज सकाळी उजाडल्यावर उठलो. आंघोळ केली. दार लावून घेतलं, कारण हे बघायला कुणी नको होतं. खाली बसलो, जिथं ती बसायची तिथं, दस्ता भिंतीला टेकवला. नळी पूर्ण मोडून गुडघ्याखाली घेतली. हे मी आयुष्यात कधी केलं नव्हतं, फक्त समोर बसून बघितलं होतं. पाय कसा ठेवायचा हे मला तिच्या पायावरून आठवलं. मग वजन टाकून धरली आणि डाव्या अंगठ्यानं चाप ओढला.

सगळा जोर गुडघ्यावर आला. मी सोडला नाही. ढकलत होता, जिवंत माणसानं ढकलावं तसा. मी थोडं थोडं वर येऊ दिलं. खूप वेळ लागला. मी मुद्दाम लावला. शेवटी नळी सरळ झाली, आतलं ढकलणं थांबलं, आणि खोलीत काही आवाज झाला नाही.

थोडा वेळ बसलो. मग वाटलं, बघू तरी किती बसलीय स्प्रिंग. परत नळी मोडली, खांद्याला जपत, गुडघ्याखाली घेऊन दाबली. जड गेली, पण गेली. खट्.

इतक्या वर्षांत सासूबाई मी कधी चढवली नव्हती. चार महिने दबून दबून ती माझ्या बेताची झाली होती.

मग रीतीनंच पुढं गेलो. छर्रा घातला. गोणी समोर ठेवली. पावडरचा डबा आणला. हात धरायला कुणी नव्हतं, म्हणून पावडर सरळ जोडावरच शिंपडली. वाकून नेम धरला आणि चाप ओढला.

फुस्. सगळी पावडर माझ्या तोंडावर. डोळ्यांत, मिशीत, नाकात तोच गुलाब. मी तसाच राहिलो. पुसलं नाही.

दार वाजलं. दहा वाजले असतील. दिनेश होता. माझ्याकडं बघून दोन पावलं मागं सरकला.

"काय काका? पावडर बिवडर? लग्नाला चाललाय का कुठं?"

"नाही रे," म्हटलं. "जोडाचं वायसर गेलंय. बदलायला बसतोय. तू जागा ठेव."